येते हं

गेल्या जूनमधली गोष्ट. रविवारी सकाळी चिरंजीव कोथिंबीर आणायला म्हणून मिठागर रोडला गेले आणि पाऊण तासाने छत्रीत काहीतरी गुंडाळून घेऊन आले. कोथिंबीर नव्हती. छत्रीत एक ओलंचिंब, मातकट रंगाचं, उंदराएवढं कुत्र्याचं पिल्लू होतं. आई दोन दिवसांपूर्वी गाडीखाली गेली, भावंडं कोणी कोणी उचलून नेली, हे एकच उरलं, अशी हकीकत वडापाववाल्याने सांगितली म्हणे.

जे मला ओळखतात त्यांना माहीत आहे की 'या घरात कुत्रं आलं तर मी बाहेर' हे वाक्य मी पंचवीस वर्षं म्हणत आलेय. (माझ्या दोन्ही नणंदा आत्ता हसत असणार. हसा.) तर कुत्रं आत आलं आणि मी काही बाहेर गेले नाही. रविवार होता, खंडोबाचा वार, आणि खंडोबापाशी कुत्रा असतोच, म्हणून लेकीने बंगळूरहून फोनवरच नाव ठेवून टाकलं... खंडू.

सोमवारी डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, सहा-सात आठवड्यांचा असेल. जंताचं औषध दिलं, लशींचं वेळापत्रक दिलं. पहिल्या लशी लगेच, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, रेबीजची तीन महिन्यांचा झाल्यावर. तोवर रस्त्यावर खाली सोडायचं नाही, कारण पार्वो आणि डिस्टेंपर हे दोन आजार अशा पिल्लांना बघता बघता घेऊन जातात. कडेवर घेऊन फिरवा, आवाज ऐकू द्या, माणसं बघू द्या, म्हणाले. म्हणजे लहान मूलच झालं की! पहिला आठवडा चिरंजीवांनी रजा काढली होती. खंडू त्याच्या मांडीवर, माझ्या ओच्यात, नवऱ्याच्या पायाशी. एक क्षण एकटा नाही. सगळे खूष.

आता कळतं, घोळ तिथेच झाला.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघेही आपापल्या कामाला गेलो. मी फोर्टात नोकरी करते, म्हणजे सकाळी मुलुंड सोडलं की संध्याकाळी सातलाच परत. मावशी अकराला येतात, तासभर असतात, त्या बघणार होत्या. तिसऱ्या दिवशी रात्री खालच्या मजल्यावरचे काका वर आले. दारातच उभे राहिले, चपलासुद्धा काढल्या नाहीत. काकूंचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं. म्हणाले, "भुंकत नाही हो तो. भुंकला असता तर चाललं असतं. रडतो. ही पडल्या पडल्या मला सांगते, जा, कोणीतरी बघा त्याला. आता तुमच्या कुलपाला मी काय करणार?"

भांडायला आले असते तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

शनिवारी सेक्रेटरींचा निरोप आला की पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेणार आहेत. चिरंजीवांनी ताबडतोब भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ सालचं परिपत्रक शोधून काढलं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकणं हा कुत्र्याचा नैसर्गिक स्वभाव आहे, वगैरे वगैरे. मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी कागद हातात घेतला आणि पुढचं वाचलं. त्यातच लिहिलंय की सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो आणि कुत्रं शांत राहील यासाठी मालकाने होईल तेवढा सगळा प्रयत्न करायला हवा. कायदा आपल्या बाजूने असला तरी काकूंना दुपारी झोप लागत नव्हती ती नव्हतीच.

नवरा म्हणाला, "देऊन टाकू या. खोपोलीला माझ्या मित्राचं फार्महाऊस आहे." प्रत्येकाच्या ओळखीत असं एक फार्महाऊस असतंच, आणि तिथे फाटकापाशी साखळीला बांधलेलं एक कुत्रंही असतं. मी ते पाहिलंय. पण मी 'नाही' म्हणाले नाही. 'बघू' म्हणाले. खरं सांगायचं तर निम्मी तयार झाले होते.

त्याआधी एकदा नक्की काय होतं ते तरी कळू दे म्हणून सोमवारी जुना मोबाईल फळीवर रेकॉर्डिंगला लावून ठेवला. संध्याकाळी गाडीत, लेडीज डब्यात, कानात वायर घालून ते ऐकत आले असते तर कदाचित ऐकवलं नसतं... घरी येऊन, चहा करून, खुर्चीत बसून ऐकलं.

माझ्या किल्ल्यांचा आवाज. दार. लिफ्टची जाळी. मग काही सेकंद काहीच नाही. मग नखांचा टकटक आवाज दारापर्यंत. मग बारीक कूं. मग मोठा. मग ज्याला आपण कुत्र्याचं रडणं म्हणतो आणि अपशकुन म्हणून दगड मारतो ते. मी घड्याळ लावून ऐकत होते. बावन्न मिनिटं. मध्ये दोनदा थांबला, पाणी प्यायला असावा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

इथे जरा वेगळंच सांगायला हवं. १९९७ साली माझी लेक चार महिन्यांची असताना तिला मी पाळणाघरात ठेवलं. तेव्हा बाळंतपणाची रजा कायद्याने १२ आठवडे होती (२०१७ साली ती २६ आठवडे झाली, चांगलं झालं). पाळणाघर पूर्वेलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. वर्षाची झाल्यावर ती मला सोडेना. पदराला धरून ठेवायची. तिथल्या काकू फार प्रेमळ होत्या, त्या तिला खेळात गुंतवायच्या आणि मी चोरासारखी मागच्या दाराने पळायचे. रस्त्याच्या वळणापर्यंत आवाज यायचा. पुढे गाडी, गर्दी, ऑफिस. संध्याकाळी विचारलं की काकू म्हणायच्या, "अहो, तुमची पाठ फिरली की गप्प होते. तुम्ही निर्धास्त जा."

मी निर्धास्त गेले. पाच वर्षं गेले. पाठ फिरल्यावर काय होतं हे ऐकायची सोय तेव्हा नव्हती आणि असती तरी मी मोबाईल लावला असता का, शंकाच आहे. खंडूची बावन्न मिनिटं ऐकताना मला लाज वाटली ती खंडूची नाही.

रात्री लेकीला फोन केला. आडून आडून विचारलं, तुला पाळणाघर आठवतं का गं? म्हणाली, "हो, तिथे वरणाचं एक एवढं मोठं पातेलं होतं. आणि खिडकीच्या गजाला रंग लावलेला होता तो खरवडायला मजा यायची." आणि रडणं? "मी रडायचे?" बस्स. एवढंच. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साठलेल्या रजेतली तीन आठवडे रजा टाकली. कारण काय लिहिलं? 'घरगुती.'

मग वाचायला बसले. पिल्लाला 'रडू दे, रडून रडून गप्प होईल' हा जो आपल्याकडे सर्रास सल्ला मिळतो (मला चौघांनी दिला) तो का चालत नाही हे जरा कळलं. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांचं कुत्र्यांवरचं पुस्तक १९६५ सालचं आहे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू कोण आपलं, कुठलं घर आपलं हे ठरवतं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. आमचा खंडू नेमका त्याच वयाचा. १९७८ साली याक पांकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एकट्या पडलेल्या पिल्लांना अफूच्या जातीच्या औषधाची अगदी थोडी मात्रा दिली की त्यांचं रडणं कमी होतं. म्हणजे तो हट्ट नव्हे, नाटक नव्हे. कसली तरी वेदनाच.

आणि त्या वयाचं पिल्लू दिवसभर शू धरूच शकत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाने दोन, फार तर तीन तास धरली तरी पुष्कळ. आम्ही त्याच्याकडून आठ-दहा तासांची अपेक्षा करत होतो आणि वर 'घाण करून ठेवतो' म्हणून नाक मुरडत होतो.

तीन आठवडे मी जे केलं ते बाहेरून कोणी पाहिलं असतं तर मला ठाण्याच्या इस्पितळात भरती केलं असतं. दिवसातून दहा वेळा किल्ल्या उचलायच्या आणि खाली ठेवायच्या. पर्स खांद्याला लावून स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावायचा. चपला घालून सोफ्यावर बसायचं. कारण खंडूला किल्ली वाजली की पुढचं सगळं पाठ झालं होतं, आणि किल्लीचा आणि जाण्याचा संबंध आधी तोडायचा होता. मग दार उघडून बंद करायचं, बाहेर न जाता. मग बाहेर दहा सेकंद. मग अर्धं मिनिट. तो रडायला लागायच्या आत परत यायचं, ही सगळ्यात अवघड गोष्ट. एकदा दोन मिनिटांवर रडला, तर मुकाट्याने पुन्हा एक मिनिटावर यायचं. समोरच्या वहिनी दूध घ्यायला दार उघडायच्या आणि मी आपली जिन्यात घड्याळ बघत उभी. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, किल्ली विसरलात का? पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

अर्धवाटी दहीभात रबरी खेळण्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि दाराबाहेर पडताना तो द्यायचा, ही युक्ती चिरंजीवांची. पंधरा-वीस मिनिटं तो त्यातच गुंग. सासूबाईंनी मात्र मायेपोटी त्याला शिरा देऊ केला होता, बेदाणे घातलेला. सुदैवाने मी घरात होते. द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषासारखे ठरू शकतात, कांदा आणि चॉकलेटही वर्ज्य. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हे फ्रीजवर लिहून चिकटवा, मोठ्या अक्षरात.

एका बाबतीत पंचाईत झाली. सगळीकडे सांगतात की जाताना लाड करू नका, निरोप घेऊ नका, गुपचूप निघा. ते मला जमेना. गुपचूप निघणं माझं एकदा करून झालं होतं. मग २०१८ सालचा एक इटालियन अभ्यास सापडला, जेमतेम दहा कुत्र्यांवरचा. थोड्या वेळासाठी जाण्यापूर्वी मालकाने शांतपणे कुरवाळलं तर ती कुत्री मागे जास्त शांत राहिली, असं त्यात आढळलं. दहा कुत्री म्हणजे काहीच नाही, मान्य. पण मला हवं तेच सापडल्यावर मी पुढे शोधलं नाही. मी त्याच्या मानेखाली थोडं खाजवते आणि 'येते हं' म्हणते. आपल्याकडे 'जाते' म्हणत नाहीतच.

रजा संपली तेव्हा गाडी पस्तीस मिनिटांवर आली होती. पस्तीस मिनिटांत फोर्ट होत नाही. मग जुळवाजुळव. सोमवार-शुक्रवार चिरंजीव घरून काम करतो. मावशींचे पैसे वाढवले, त्या आता दोनदा येतात. नवरा, हो तोच, फार्महाऊसवाला, दुपारी जेवायला घरी येतो, त्याचं ऑफिस ठाण्याला आहे आणि इतकी वर्षं हे त्याला कधी सुचलं नव्हतं. पालिकेचा परवाना काढला. काकांना मी रोज संध्याकाळी विचारत होते, आज किती? ते एखाद्या हवामान खात्यासारखे सांगायचे, "साडेबाराला थोडा, मग नाही."

गणपतीत सगळं मुसळ केरात. विसर्जनाच्या ढोलांनी त्याने पलंगाखाली जे तोंड घातलं ते दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं, आणि नंतर आठवडाभर आम्ही पुन्हा पाच मिनिटांवर. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा काका उठून म्हणाले, "प्रगती आहे," आणि बसले. सेक्रेटरींना इतिवृत्तात काय लिहावं कळेना.

मागच्या आठवड्यात पुन्हा मोबाईल लावून ठेवला होता. किल्ल्या, 'येते हं', दार, लिफ्ट. नखांची टकटक दारापर्यंत आली, थांबली, परत गेली. रबरी खेळणं फरशीवर आपटल्याचा आवाज. कोणाकडे तरी कुकरच्या तीन शिट्ट्या. मग एक मोठा सुस्कारा, आणि चाळीस मिनिटं नुसता पंखा. मी सगळी चाळीस ऐकली.

काल सकाळी दार ओढून लिफ्टपाशी उभी राहिले. आतून काही आवाज नाही. लिफ्ट आली. मी आत गेले नाही, दाराला कान लावून उभी राहिले. तरी काही नाही. समोरच्या वहिनींनी दूध घ्यायला दार उघडलं, मला बघितलं आणि काही न बोलता बंद केलं. लिफ्ट खाली गेली होती, ती पुन्हा बोलावली. नेहमीची फास्ट अर्थातच चुकली.