दिघी : कान लावून पाहिलेले गाव

आळंदीला जाणारा माणूस दिघीवरून जातो. दिघीला म्हणून कोणी जात नाही. पुण्याच्या महापालिकेपासून सुटलेली आळंदीची बस विश्रांतवाडी आणि कळस मागे टाकते, लष्कराच्या लांबच लांब भिंती सुरू होतात, आणि कंडक्टर ‘मॅगझिन चौक’ असे ओरडला की दोनचार माणसे पिशव्या सावरीत उतरतात. बाकीच्यांचे डोळे इंद्रायणीकडे लागलेले असतात. माझी ताई दिघीला राहते म्हणून मी उतरणाऱ्यांतला. यंदा आठ दिवस तिच्याकडे राहिलो आणि हे गाव डोळ्यांनी नव्हे, कानांनी पाहिले. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

दिघी आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. एका अंगाला फौजेसाठी पूल आणि यंत्रे तयार करणारी संरक्षण खात्याची संशोधन संस्था, दुसरीकडे टेकडीवर १९९४ साली सुरू झालेले सैनिकांच्या मुलांचे अभियांत्रिकी महाविद्यालय, वर दत्तगडावर दत्ताचे देऊळ, आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती. लोहगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. प्रवासी विमाने तर येतातच, पण वायुदलाची सुखोई निघाली म्हणजे ताईच्या कपाटातल्या कपबशासुद्धा बोलू लागतात. खाली आळंदी रस्ता रात्री बारापर्यंत निजत नाही. वर्षातून एक दिवस मात्र हा रस्ता गोड होतो. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला याच वाटेने येते, तेव्हा ट्रकांचे भोंगे थांबतात आणि तासन् तास नुसता टाळ-मृदंग ऐकू येतो.

ऐकण्याशी या मुलखाचे जुने नाते आहे. २३ जुलै १९२७ रोजी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधील बिनतारी तारसेवेचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. तिची केंद्रे होती खडकी आणि दौंड येथे. गंमत अशी, की मुंबईचे नभोवाणी केंद्रही त्याच दिवशी, त्यांच्याच हस्ते सुरू झाले. पुढे हे परदेशी दळणवळण सरकारकडे आले, १९८६ मध्ये त्याचे विदेश संचार निगम झाले, आणि दिघीतली त्या निगमाची पाचशेहून अधिक एकर जमीन २००२ मध्ये निगम खाजगी हाती गेल्यावरही वेगळी काढून ठेवली गेली. सातासमुद्रांपलीकडून येणारी क्षीण टिकटिक ऐकायची तर त्या काळी श्रवणयंत्र कानांवर घट्ट बसवावे लागे. अमेरिकेत नॅथनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात असे हेडफोन जुळवले आणि तिथल्या आरमाराने ते विकत घेतले. आज तीच वस्तू हरभऱ्याएवढी होऊन दिघीच्या प्रत्येक तरुणाच्या कानात बसली आहे. तिला कोणी इअरफोन म्हणतात. ताई ‘बोंडे’ म्हणते.

या बोंडांवरूनच ताईच्या घरात कुरबुर चालली होती. माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करतो. वय सत्तावीस. रविवारी आळंदीला जाऊन पखवाज शिकतो, आणि शिकवणारे बुवा म्हणतात की पोराचा हात चांगला आहे. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत त्याच्या कानांचा जो आलेख काढला, त्यात ४,००० हर्ट्झच्या जागी एक खळगा निघाला. मोठ्या आवाजाने कान दुखावला की पहिली खूण बहुधा तेथेच उमटते. रोजचे बोलणे अजून स्वच्छ ऐकू येते. पण रात्री उशीवर डोके टेकले की कानात बारीक शिटी वाजते.

“अरे, तू तरी सांग याला,” ताई म्हणाली, “ती बोंडे फेकून दे म्हणावं.”

“मामा, प्रेसजवळ मी कानात बुचं घालतो,” भाचा म्हणाला. “जायला यायला बसमध्ये दोन तास जातात. तेवढंच तर माझं ऐकणं. बुवांनी दिलेलं तिथेच पाठ होतं. तेही सोडू?”

दोघांचेही खरे होते. डॉक्टरांनी त्याला ऐकणे बंद करण्यास सांगितले नव्हते. आवाज कमी ठेवण्यास सांगितले होते. मग प्रश्न उरला तो असा, की आम्हा मध्यमवर्गीयांच्या खिशाला परवडतील अशा इअरफोनांत कमी आवाजात नीट ऐकू येईल असा कोणता? सुट्टी माझ्या गाठीला होतीच. आम्ही चार नमुने जमवले आणि मामा-भाचे परीक्षेला बसलो.

पहिला नमुना चौकातल्या दुकानाबाहेर माळेसारखा टांगलेला, दीडशे रुपयांचा, कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा. दुसरा पाचशेच्या आतबाहेरचा, रबरी टोपी लावून कानाच्या नळीत शिरणारा. तिसरा शेन्झेनकडच्या चिनी कारागिरीचा, दोन हजारांच्या आतला, ज्याची तार कानावरून मागे घ्यावी लागते. चौथा बिनतारी, साधारण त्याच किमतीचा, बाहेरचा गलका मारण्याची कळ असलेला. परीक्षेसाठी निवडले ते भीमसेन जोशींचे अभंग, बालगंधर्वांची जुनी तबकडी आणि भाच्याच्या बुवांचा पखवाज.

परीक्षेची पहिली जागा दत्तगड. भल्या सकाळी विमाने नव्हती, वारा पडलेला होता. पहिल्या नमुन्यात अभंग ऐकला तर बुवा जणू शेजारच्या खोलीत गात होते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूची घुमारी जवळजवळ नाहीशी. यात नवल नाही. खालचे स्वर टिकायचे तर कानाची नळी बंद व्हावी लागते. फट राहिली की ते आधी निसटतात.

दुसऱ्यात घुमारी होती, इतकी की पाहुण्याने घर बळकवावे तसे तिने सारे व्यापले होते. चित्रपटातल्या नाचाला हे फक्कड; पण अभंगाचे शब्द तिच्याखाली दबले. खालचे जाड स्वर वरच्या बारीक स्वरांना झाकतात, हा कानाचा स्वभावच आहे. आणि येथेच मेख आहे : शब्द लागत नाहीत म्हणून माणूस आवाज वाढवतो. म्हणजे वाजवीपेक्षा जास्त घुमणारा इअरफोन नुसता बेचव नव्हे, तो हात धरून आवाजाची कळ वर नेतो.

तिसऱ्यात तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू आली आणि गळा मधोमध उभा राहिला. टाळांचा कणत्कार मात्र किंचित टोकदार वाटला. स्वस्त नमुन्यांत ‘स्वच्छ आवाज’ भासावा म्हणून वरचे स्वर पुष्कळदा चढवलेले असतात. म्हणून विकत घेण्यापूर्वी टाळ ऐकावा. दहा मिनिटांत दात शिवशिवल्यासारखे झाले तर ती वस्तू परत ठेवावी. चौथा नमुना गाण्यात तिसऱ्याच्या अर्ध्या पायरीने खाली. पण तारेची कटकट नाही. बालगंधर्वांच्या तबकडीने तर चौघांनाही जवळपास एका पंक्तीत बसवले. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात मुळात ना फार खालचे ना फार वरचे. जे आहे ते सारे मधल्या पट्टीत. ज्यांना केवळ जुने नाट्यसंगीत ऐकायचे आहे त्यांनी घुमारीसाठी एक पैसाही जास्त मोजू नये.

किंमत आणि गुण यांचा मेळ कसा, हेही पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन मोजून प्रसिद्ध केले, की स्वरांचा तोल आणि दुकानातली किंमत यांचा काही संबंध दिसत नाही. महाग वस्तूत तार बळकट असेल, डबी सुबक असेल. गळा गोड असेलच असे नाही.

खरी परीक्षा झाली ती बसमध्ये. निरनिराळ्या इअरफोनांना सारखाच आवाज काढायला फोनची कळ वेगवेगळी ठेवावी लागते, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून उपयोग नाही. म्हणून भाच्याने युक्ती काढली : तोच इअरफोन गडावर किती पायऱ्यांवर नीट ऐकू येतो आणि बसमध्ये किती वर न्यावा लागतो, हा फरक मोजायचा. पहिल्याला सात पायऱ्या वर न्यावे लागले. दुसऱ्याला सहा. तिसऱ्याला तीन. चौथ्याची गलका मारण्याची कळ दाबली तेव्हा दोनच.

दुसऱ्याला सहा का लागाव्यात, याचा विचार करताना भाच्याने डबीच्या तळातून टोप्यांची पुडी काढली. लहान, मधली, मोठी अशा तीन मापांच्या टोप्या सोबत येतात आणि बहुतेक घरांत त्या तशाच पडून राहतात. आतापर्यंत मधली होती. मोठी लावली, कानाचा वरचा भाग जरा ओढून बोंडे बसवले, आणि सहाच्या तीन पायऱ्या झाल्या. एक पैचा खर्च नाही! उजव्या-डाव्या कानांचे माप निरनिराळे असू शकते, हेही तेव्हाच कळले.

चौथ्याची करामत थोडक्यात अशी : बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलटी लाट कानात सोडतो, म्हणजे दोन्ही एकमेकींना खातात. मूळ कल्पनेचे पेटंट पॉल ल्यूग या जर्मनाने १९३६ मध्ये मिळवले. ती हेडफोनात उतरवण्याचा ध्यास घेतला अमर बोस यांनी, १९७८ च्या एका विमानप्रवासात. वडील बंगाली, स्वतः अमेरिकेत प्राध्यापक. बसच्या इंजिनाची एकसुरी घरघर यात छान मरते. शेजारच्याचे बोलणे मात्र तितके मरत नाही.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन असे, की ८० डेसिबेल आवाज आठवड्याला ४० तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. भाच्याचा बसप्रवास आठवड्याला बारा तासांचा. म्हणजे ८५ च्या वर गेला की शिल्लक संपली. आणि त्यात प्रेसजवळची रोजची आठ तासांची उधारी वेगळीच. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांना ९० डेसिबेलची मर्यादा धरली आहे. प्रेसजवळ बुचे काढून उभे राहणे म्हणजे काय, हे यावरून समजावे. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी असतात सुमारे पंधरा हजार. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पुनवेची कोजागिरी दरवर्षी येते, तसे हे नव्हे.

ताईने हा हिशेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकला. “म्हणजे फेकायची नाहीत म्हणतोस?” ती म्हणाली.

“फेकायची नाहीत. मापाची घालायची आणि हळू लावायची.”

शेवटी ठरले ते असे. बसमध्ये चौथा, गलका मारण्याची कळ लावून आणि आवाज अर्ध्याच्या खाली. पाळीवरून परतताना निम्मी वाट कानांना विश्रांती. घरी रियाजासाठी तिसरा. मॅगझिन चौकात उतरल्यावर दोन्ही खिशात, कारण आळंदी रस्ता ओलांडणाऱ्याला भोंगा ऐकू आलाच पाहिजे. टोप्या आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवायच्या. फोनमध्ये आवाजाला हद्द घालून ठेवण्याची सोय असते, तीही ताईच्या देखत घातली. कानातली शिटी थांबेल की नाही, हे डॉक्टरही आज सांगत नाहीत. पुढची तपासणी फाल्गुनात आहे. खळगा वाढला नाही तर पखवाज राहील. वाढला तर प्रेसवरून दुसऱ्या कामावर बदली मागायची, पगार थोडा कमी आला तरी, असे भाच्याने स्वतःच ठरवले आहे. ताई त्यावर काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी टोप्या तिनेच धुऊन रुमालावर वाळत घातलेल्या दिसल्या.

दिवाळीत पुष्कळ घरांतून भाऊबीजेला, पाडव्याला अशा वस्तू दिल्या जातील. देणाऱ्याने डबी देताना टोप्यांचे माप स्वतः बसवून द्यावे. ओवाळणीतला तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ भाग आहे. आणि मुलांच्या हातात फटाका देताना इतके लक्षात ठेवावे, की कायद्याने परवानगी असलेला फटाकासुद्धा चार मीटरांवर १२५ डेसिबेलपर्यंत वाजू शकतो. तो जरा लांबच लावावा. टाळांचा कणत्कार म्हातारपणीही ऐकू यावा असे ज्याला वाटते, त्याने कानांची काळजी तरुणपणीच घेतलेली बरी.