ज्याच्या पश्चात काही नाही

वृद्धांच्या चरितार्थासाठी संसदेने 2007 साली स्वतंत्र कायदा केला. त्याचे 17 वे कलम आम्हा वकिलांना न्यायाधिकरणाच्या दाराबाहेर ठेवू पाहते. त्याचे मला वैषम्य नाही. खुपते ते निराळेच. निपुत्रिक वृद्धाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? नातेवाइकाच्या, असे कायदा सांगतो. पण नातेवाईक म्हणजे कोण, तर ज्याच्या हाती त्या वृद्धाची मालमत्ता आहे किंवा पुढे वारशाने यावयाची आहे तो! ज्याच्या पश्चात काहीच उरणार नाही, त्याला कायद्याच्या लेखी नातेवाईकही नाही.

अशांसाठी 19 वे कलम आहे. जिल्ह्यागणिक निदान एक वृद्धाश्रम, तेथे किमान 150 निराधारांची सोय. मात्र शासन तो स्थापील असे नव्हे. शासनाला तो स्थापता येईल, एवढेच.

उज्जयिनीला दानधर्म नवा नाही. महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणारे रामचंद्रबाबा सुखटणकर शिंद्यांचे दिवाण, आणि सारस्वत. आजही मंदिराच्या अन्नक्षेत्रात विनामूल्य पान वाढले जाते. जवळच्या अंबोदियात सेवाधाम आश्रम निराधारांना थारा देतो. परंतु आपली खोली न सोडणाऱ्या वृद्धाचे भाडे, औषध, रात्रीची सोबत? ऐंशीच्या आतील गरिबाला वृद्धापवेतनात केंद्राचा वाटा दरमहा 200 रुपयांचा. राज्याची भर वेगळी. उरलेले शेजाऱ्यांनीच पाहावयाचे. तेही ज्यांना अर्जाची भाषा उमगत नाही, त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तो अर्ज लिहून देण्यास मात्र 17 वे कलम कोणाही वकिलाच्या आड येत नाही.