कार्बनची सायकल आणि येळ्ळूरचा चढ

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी यंदा दिवाळीला पुण्याहून आपली कार्बनची रेसिंग सायकल घेऊन गावी आला आणि शाळेत भेटायला आला तोही सायकलवरूनच. बघता बघता सायकल स्टँडवर मुलांची ही गर्दी झाली! कोणी एका बोटाने ती उचलून पाहत होते, कोणी किंमत विचारत होते. किंमत लाखाच्या पुढे असल्याचे कळले तेव्हा दोन-तीन मुले आपापल्या सायकलींकडे बघून गप्प झाली.

त्यांतला एक नववीतला. त्याची सायकल थोरल्या भावाची. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना मोफत सायकली द्यायला सुरुवात केली, त्या योजनेत भावाला मिळालेली. दुसऱ्या दिवसापासून हा मुलगा चालत येऊ लागला. दोनदा प्रार्थना चुकली. विचारले तर म्हणाला, "सायकल लई जड आहे सर. चढावर ओढतच न्यावी लागते."

जड म्हणजे किती, आणि हलकी असती तर किती फरक पडला असता? हे तोंडाने सांगण्यापेक्षा करून पाहावे असे आम्ही ठरवले. बेळगावच्या दक्षिणेला सुमारे १५ किलोमीटरवर येळ्ळूरचा राजहंसगड आहे. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, चढ छोटा पण छातीवर येणारा. एका रविवारी आम्ही आमच्या जुन्या लोखंडी सायकलीवर तो चढायला घेतला. शेवटच्या वळणाआधी उतरावे लागले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने त्यात लाज वाटून घेऊ नये. पुढच्या रविवारी त्या माजी विद्यार्थ्याने आपली कार्बनची सायकल आमच्या हाती दिली. "बसा की सर, काही होत नाही," म्हणाला. बूट अडकवायचे पेडल काढून साधे पेडलही त्यानेच बसवून दिले.

खरे सांगायचे तर पहिली शंभर पावले भीतीच वाटली. हँडल खाली वळलेले, टायर जेमतेम इंचभर रुंद, ब्रेक आणि गिअर एकाच दांड्यात. पण चढ लागला आणि सायकलचे गुण कळले. पेडलवर दिलेला जोर सांगाडा लवण्यात वाया जात नाही, सरळ चाकाला जातो. रस्त्याची बारीक थरथर हाताला फारशी जाणवत नाही. आम्ही न उतरता वर पोहोचलो. सिद्धेश्वराच्या देवळापाशी टेकून बसलो तेव्हा धाप मात्र तेवढीच लागली होती. खाली येळ्ळूरची भातशेती पसरलेली दिसत होती.

हा कार्बन म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या भागाइतके बारीक तंतू. त्यांचे थर वेगवेगळ्या दिशांनी रचतात, राळेने एकमेकांना चिकटवतात आणि साच्यात तापवून पक्के करतात. १९८६ साली ग्रेग लेमाँड यांनी टूर दि फ्रान्स ही शर्यत कार्बन सांगाड्याच्या सायकलीवर जिंकली. पुढे सायकली इतक्या हलक्या होत गेल्या की ६.८ किलोच्या खाली शर्यतीची सायकल चालणार नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम २००० पासून लागू झाला.

सोमवारी नववीच्या तासाला फळ्यावर गणित मांडले. आमचे वजन ७० किलो, कार्बनची सायकल ८, लोखंडी १८. म्हणजे एकूण ७८ आणि ८८ किलो. १०० मीटर उंची चढायची तर लोखंडी सायकलीवर ८६,२४० ज्यूल काम, कार्बनवर ७६,४४०. फरक सुमारे ११ टक्के. फरक आहे, पण मग आम्ही एकीवरून उतरलो आणि दुसरीवर बसून राहिलो ते एवढ्यानेच काय?

तर नाही. खरी गोम दात्यांत होती. आमच्या जुन्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते. पेडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरहून जास्त पुढे जाते. कार्बनच्या सायकलीवर चढासाठी पुढे ३४ आणि मागे ३२ दाते लावले होते, एका फेऱ्यात जेमतेम सव्वादोन मीटर. काम तेच, पण हप्त्याहप्त्याने फेडायचे. पायाला जड वाटत नाही.

मागच्या बाकावरून त्या मुलाने हात वर केला. "म्हणजे सर, मागं दाते वाढवले तर माझी पण चढेल काय?"

चढेल बाळा. मागे १८ ऐवजी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर पेडलवरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी लागतो. सपाटीवर पाय जरा जास्त फिरवावे लागतील, एवढेच. हे काम सायकल दुरुस्तीच्या साध्या दुकानात होते आणि लाख रुपये लागत नाहीत. शिवाय कार्बनच्या सांगाड्याला मार बसला तर आतली चीर वरून दिसेलच असे नाही. लोखंडी सांगाडा वाकला तर दिसतो, आणि गल्लीतला मिस्त्रीसुद्धा तो सरळ करून देतो.

चांगल्या वस्तूला चांगले म्हणावे. ती सायकल उत्तमच आहे आणि ज्याने ती स्वतःच्या कमाईने घेतली त्याचे आम्हाला कौतुक आहे. पण पालकहो, मुलगा सायकल नको म्हणू लागला तर नवी घेण्याआधी एकदा तिची साखळी, हवा आणि दाते पाहा. आणि विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती. स्टँडवर एक हवेचा पंप आणि पान्यांचा एक संच ठेवावा. किल्ली सांभाळायला नववीतला एक मुलगा आत्ताच तयार आहे. मंगळवारी तो सायकल घेऊन आला होता.