मी घंटी ऐकत होते

मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत गणित शिकवते. आमच्या मुलांना घरच्यांशी बोलायचं तर समोरच्याचा चेहरा आणि हात दिसायला हवेत. म्हणून एका विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाने शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर अ‍ॅस्टेरिस्क नावाचा सर्व्हर बसवून दिला. वसतिगृहातल्या टॅबवर आणि पालकांच्या मोबाइलवर लिनफोन हे अ‍ॅप घातलं. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना म्हणाला, "मॅडम, आता कुठला कॉल कुठे जायचा, तेवढे नियम लिहायचे राहिलेत. ते तुम्हाला जमतील." मी हो म्हटलं. सर्व्हर म्हणजे काय, हे मात्र त्याला विचारायचं राहून गेलं.

रात्री मुलं झोपल्यावर मी वाचायला बसले. १९९९ साली मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकेतल्या तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज घेणं परवडेना, म्हणून त्याने स्वतःच एक लिहिलं. तेच हे अ‍ॅस्टेरिस्क. ते फुकट मिळतं आणि त्यात व्हिडिओ कॉलही चालतात. हे वाचून धीर आला. नियमांच्या यादीला डायलप्लॅन म्हणतात. मी वहीत लिहिलं, 'क्रमांकांचा वाटाड्या'. प्रत्येक ओळीत आधी दाबलेला क्रमांक, मग एक आकडा, मग काय करायचं ते. मधल्या आकड्याला प्रायॉरिटी म्हणतात. मी त्याचं 'प्राधान्य' केलं आणि अधीक्षिकाताईंच्या २१० ला महत्त्वाचा म्हणून १ दिला, वसतिगृहाच्या टॅबना २. घंटी फक्त २१० वर वाजली. इतर कुठेही फोन लावला की ४०४, म्हणजे 'सापडला नाही'. दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं, की तो आकडा पायरीचा आहे. १ म्हणजे पहिलं काम, २ म्हणजे त्यानंतरचं. मी पहिली पायरीच न बांधता दुसरी बांधली होती.

सगळीकडे १ केला. आता प्रत्येक टॅबसाठी वेगळी ओळ नको म्हणून साचा वापरायचं ठरवलं. साच्यात एक्स म्हणजे ० ते ९ मधला कुठलाही अंक, झेड म्हणजे १ ते ९, आणि एन म्हणजे २ ते ९. बीजगणितातला 'क्ष' इथे भेटला म्हणून मला बरं वाटलं. मी 'दोन एक्स एक्स' लिहिलं, फाइल जपून ठेवली, फोन लावला. काहीच बदललं नाही. फाइल जपून ठेवणं पुरत नाही. 'डायलप्लॅन रीलोड' असा हुकूम देऊन ती सर्व्हरला पुन्हा वाचायला लावावी लागते. ते केलं, तरी ४०४. मग दिसलं, की साच्याच्या आधी अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ हवी. ती नसेल तर सर्व्हर एक्स हे अक्षरच समजतो. वर्गात मुलांच्या वहीतलं सुटलेलं ऋण चिन्ह मी लाल शाईने दाखवते. इथे माझी रेघ सुटली होती.

पुढची अडचण २०९ ची. तो टॅब बिघडला होता, त्याचे कॉल २१० वर वळवायचे होते. साच्याची ओळ वर होती, २०९ ची खाली. वरची ओळ आधी लागू होईल आणि खालचीपर्यंत पाळी येणार नाही, या भीतीने मी ती उचलून वर नेली. कॉल २१० वर गेला. खात्री करायला पुन्हा खाली आणली. तरी २१० वरच गेला. अ‍ॅस्टेरिस्क ओळींचा क्रम पाहत नाही, जास्त नेमका नियम निवडतो. 'दोन एक्स एक्स' हा शंभर क्रमांकांचा संच, आणि २०९ हा त्यातला एकटाच. म्हणून तो जिंकतो. सगळीकडे असं नसतं. सिस्को मीटिंग सर्व्हर या व्हिडिओ कॉलच्या दुसऱ्या व्यवस्थेत नियमाला खरोखरच प्राधान्याचा आकडा द्यायचा आणि मोठा आकडा आधी तपासला जातो. पेक्सिप या तशाच आणखी एका व्यवस्थेत लहान आकडा आधी. मी घोकून ठेवलेलं 'वरचं आधी' यांतल्या कुठेच चाललं नसतं.

तोवर मला सगळं आल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक नियम लिहिला की फोन लावायचे, पलीकडे घंटी वाजली की तोडायचे आणि वहीत बरोबरची खूण करायचे. एके रात्री नऊ वाजता घरून, पालकांसाठी राखलेल्या एका क्रमांकावरून, मी सहज २२१ लावला. तो मुलींच्या खोलीतला टॅब. घंटी वाजली आणि कॉल उचलला गेला. मी दचकून फोन ठेवला. माझ्या नियमांप्रमाणे कुठलाही पालक, किंवा पालकांचा मोबाइल हाती असलेलं कुणीही, रात्री थेट मुलींच्या खोलीत पोचू शकत होतं. कॉन्टेक्स्ट या शब्दाचं मी 'संदर्भ' असं भाषांतर करून पुढे गेले होते. त्याचा खरा अर्थ दार. कॉल ज्या दाराने येतो, त्या दारावर टांगलेल्या यादीतलेच क्रमांक त्याला मिळतात. पालकांच्या दारावर मी एका 'इन्क्लूड'च्या ओळीने वसतिगृहाची अख्खी यादी टांगली होती. त्याच रात्री ती ओळ काढली. पालकांना फक्त २१० आणि सभेसाठी ठेवलेला ६००. मुलीला बोलवायचं ते अधीक्षिकाताई बोलवतील. क्रमांक आणि दार सांगून 'डायलप्लॅन शो' विचारलं, की फोन न लावताच उत्तर मिळतं, हेही तेव्हाच कळलं. पालकांच्या दाराने २२१ ला आता वाट नव्हती. मी सहज फोन लावला नसता तर ते दार किती दिवस उघडं राहिलं असतं, या विचाराने झोप लागली नाही.

सकाळी सहावीतली एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. तिने अंगठा आणि करंगळी कानाशी नेली, मग दोन बोटं डोळ्यांपासून पुढे केली आणि रिकामा तळवा हलवला. फोन आला, पण दिसलं कोणीच नाही. रात्री कॉल तिनेच उचलला होता. मी सेटिंगची फाइल उघडली. कॉलमधून काय जाऊ द्यायचं ते 'अलाउ'च्या ओळीत असतं, आणि तिथे आवाजाचेच दोन प्रकार होते. चित्रासाठी लागणारा एच २६४ नव्हताच. वाट बरोबर होती, पण त्या वाटेने चित्र जायची सोय नव्हती. इतके दिवस मी घंटी ऐकत होते, कारण मला ऐकू येतं. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्यांच्यापर्यंत एकही कॉल पोचला नव्हता.

मी 'एच २६४' हा एक शब्द टॅब आणि पालक अशा दोन्हीकडच्या सेटिंगमध्ये घातला. रविवारी तिच्या आईने २१० लावला आणि ताईंनी तिला बोलावलं. आईला शाळेतली सांकेतिक भाषा येत नाही, दोघींच्या घरगुती खुणा आहेत. मुलीने डोक्याशी दोन बोटांची शिंगं केली. आईने मोबाइल गोठ्याकडे वळवला आणि नवं वासरू दाखवलं. मुलगी टॅबला इतकी चिकटली, की ताईंनी तिला हलकेच मागे ओढलं.

आता सर्व्हरशेजारच्या भिंतीवर एक कागद आहे. कोणी कोणापर्यंत पोचावं आणि कोणी पोचू नये, ते त्यावर साध्या मराठीत लिहिलंय. नियम बदलायचा तर आधी तो कागद बदलते, मग फाइल. आणि तपासताना टॅबचा आवाज पूर्ण बंद करते.