अहो, या पोरांनी मृत्युपत्र केलंय!

सतरा-अठरा वर्षांची पोरं, आणि मृत्युपत्र! साधंसुधं नाही हं, चांगलं वकिली थाटाचं! आम्ही पूर्ण शुद्धीत आहोत, कुणाचा दबाव नाही, आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत, कलम पहिलं, कलम दुसरं, खाली साक्षीदारांच्या सह्या! आणि इस्टेट काय? घर नाही, जमीन नाही, फुटका मणी नाही! कुणी रोज उशिरा येऊनही न सापडण्याची कला ठेवून जातंय, कुणी खिडकीजवळची मागच्या बाकावरची जागा, कुणी बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगगम, कुणी बीजगणिताचं कोरं करकरीत पुस्तक! आणि हे सगळं कुणाला? खालच्या वर्गातल्या पोरांना, अगदी नावानिशी! एखादा ताडमाड मुलगा आपली चार बोटं उंची एखाद्या बुटक्या ज्युनियरला देऊन जातोय! उंची! मृत्युपत्रात!

अमेरिकेतल्या हायस्कुलांची जुनी इयरबुकं, म्हणजे दर वर्षी निघणारी शाळेची आठवणींची पुस्तकं, इंटरनेट अर्काइव्हवर ढिगानं स्कॅन करून ठेवलीयत आणि ती कुणालाही फुकट वाचता येतात, हे मला आत्ताच कळलं, आणि मग मी एक उघडलं, आणि मग या मृत्युपत्राच्या पानावर अडकले, आणि मग वाटलं की ही एखाद्याच शाळेतल्या वात्रट पोरांची करामत असणार, म्हणून दुसऱ्या गावच्या शाळेचं उघडलं, तर तिथंही मृत्युपत्र, आणि मग तिसऱ्या राज्यातलं उघडलं, तिथंही मृत्युपत्र, आणि मग माझ्या लक्षात आलं की ही तर अख्ख्या देशाची रीत होती! आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं!

आधीच सांगते, मी इतिहासाची अभ्यासक नाही. अमेरिकेतली शाळा मी बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही. पण ही पानं वाचायला पदवी लागत नाही! कधीतरी वर्गात बसलेलो असलो, की पुरतं! म्हणजे तुम्हीही चालता! या, जरा सरकून बसा, दाखवते!

तिथं हायस्कूल बारावीला संपतं. शेवटच्या वर्गातले ते सीनियर. मे-जूनमध्ये ते शाळा सोडतात, आणि त्याआधी एक दिवस असायचा, क्लास डे. त्या दिवशी मंचावर वर्गानं वर्गासाठी लिहिलेलं वाचायचं! त्यात ठरलेले तीन ऐवज. पहिला, वर्गाचा इतिहास: आलो तेव्हा कसे बावळट होतो, कोण कुठल्या जिन्यात हरवलं, सहलीला कुणाचा डबा कुणी खाल्ला. दुसरा, वर्गाचं मृत्युपत्र. आणि तिसरा, माझा सगळ्यांत लाडका, वर्गाचं भविष्य! आणि ही कामं नेमून दिलेली! वर्गाचा इतिहासकार वेगळा, वर्गाचा कवी वेगळा, आणि वर्गाचा एक चक्क भविष्यवेत्ता! मॉनिटर निवडावा तसा भविष्यवेत्ता निवडायचा! वाचा वाचा, पुन्हा वाचा ते वाक्य!

आता हे भविष्य जरा जवळून बघा, कारण यात काय एकेक गंमत आहे! सुरुवात साधारण अशी, की लेखकाला डुलकी लागते आणि स्वप्न पडतं. किंवा जत्रेतली ज्योतिषीण काचेच्या गोळ्यात बघते. किंवा वीस वर्षांनंतरचं वर्तमानपत्र हाती लागतं. जसा जमाना तशी युक्ती! विमानं नवी होती तेव्हा विमानातून देशभर हिंडत एकेक जुना सोबती भेटतो, रेडिओ घरोघर आला तेव्हा रेडिओचं बटण फिरवलं की दर स्टेशनवर वर्गातलाच कुणीतरी बोलतोय, आणि मग कुणी थेट मंगळावर जातं आणि तिथं खानावळ कोण चालवतंय, तर शेवटच्या बाकावरचा तो खादाड! मंगळावर!

आणि माणसागणिक एक-दोन ओळी. रीत ठरलेली: ज्याची जी सवय, ती पकडायची आणि ताणायची! तोंडातून शब्द न काढणारी मुलगी सर्कशीत सिंहांवर ओरडते. तासाला पेंगणारा मुलगा गाद्यांचा कारखाना काढतो. सारखे वाद घालणारा सिनेटर होतो आणि तिथंही त्याला खाली बसा म्हणून सांगावं लागतं! फार थोर विनोद नाहीत हे. पण विचार करा, हे लिहायला काय लागतं? पेंगणारा कोण, हे कुणीतरी चार वर्षं बघितलेलं असावं लागतं! गप्प मुलगी गप्प असते, हे कुणाच्या तरी ध्यानात आलेलं असावं लागतं! थट्टा करायची तर आधी माणूस दिसायला हवा ना!

आणि लहान गावांतल्या शाळांची पानं वाचाल तर आणखी एक गोष्ट दिसेल, जिच्यामुळे मी हे सगळं तुम्हाला पकडून सांगतेय. वर्ग वीस-पंचवीस जणांचा, आणि भविष्यात वीसच्या वीस, पंचवीसच्या पंचवीस नावं! पहिल्या नंबरवाला आहे, बेसबॉलचा कप्तान आहे, आणि जो कुठल्याच संघात नाही, कुठल्याच नाटकात नाही, ज्याच्या फोटोखाली एकाही मंडळाचं नाव नाही, तोही आहे! त्यालाही वीस वर्षांनंतर एक धंदा आहे, एक गाव आहे, एक फजिती आहे! बक्षीस समारंभात सुटणारी नावं इथं सुटत नाहीत!

बरं, हे लिहिणारे कोण असायचे? आता घट्ट बसा! शिकागोच्या शेजारचं ओक पार्क. साल १९१७. एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरलीय आणि जूनमध्ये हा वर्ग शाळेबाहेर पडतोय. वर्गाचं भविष्य लिहायचं काम सतरा वर्षांच्या एका मुलाकडे आलंय. शाळेच्या वार्तापत्रात तो त्या वेळच्या रिंग लार्डनर या विनोदी लेखकाच्या ढंगात काहीबाही लिहायचा, म्हणजे गंमत करणारा म्हणून त्याची ओळख होतीच. त्यानं लिहिलं, आणि ते शाळेच्या ‘टॅब्युला’ नावाच्या मासिकात छापलंही गेलं. मुलाचं नाव अर्नेस्ट हेमिंग्वे!

हो, तोच हेमिंग्वे! ‘द ओल्ड मॅन अँड द सी’वाला! त्याची सख्खी बहीण मार्सेलीनही त्याच वर्गात होती! जूनमध्ये यानं सोबत्यांची भविष्यं लिहिली, आणि मग शरदात कॅन्सस सिटीला जाऊन बातमीदार झाला, आणि मग रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर इटलीत गेला, आणि मग १९१८ च्या जुलैत, एकोणीस पूर्ण व्हायच्या आत, तोफगोळ्यानं जखमी होऊन इस्पितळात पडला, आणि मग १९५४ साली नोबेल! नोबेलपर्यंत पोचलेल्या लेखकाच्या सुरुवातीच्या छापील लिखाणात वर्गसोबत्यांची थट्टा आहे! मला तर हे कळल्यावर खुर्चीत बसवेना!

आणि मग दुसरं ऐका! मिनेसोटा राज्यात हिबिंग नावाचं गाव आहे, लोखंडाच्या खाणींचं. तिथल्या हायस्कूलच्या इयरबुकचं नाव ‘हेमॅटाइट’. हेमॅटाइट म्हणजे लोहखनिज! गावाच्या पोटात जे सापडतं तेच पोरांच्या पुस्तकाचं नाव, केवढं नेमकं! तर १९५९ च्या अंकात रॉबर्ट झिमरमन नावाच्या मुलाचा फोटो आहे. फोटोखाली लॅटिन क्लबचा उल्लेख, सामाजिक शास्त्रांच्या मंडळाचा उल्लेख, आणि पुढं काय करणार या जागी लिहिलंय की लिटल रिचर्डला जाऊन मिळणार! लिटल रिचर्ड म्हणजे तेव्हाचा रॉक अँड रोलचा वादळी गायक. खाणगावातला पोरगा म्हणतोय, मी त्याच्याकडे जाणार! लोक हसले असतील की नाही? हा मुलगा म्हणजे गायक-गीतकार बॉब डिलन! २०१६ साली त्यालाही साहित्याचं नोबेल! शाळेच्या पुस्तकांतून दोन नोबेलवाले निघाले हो!

सगळीच भविष्यं अशी लागत नाहीत, आणि सगळीच थट्टा मऊ नसते, हेही सांगायला हवं. तिथं वर्गात मतदान करून किताब देण्याचीही चाल आहे: सर्वांत यशस्वी होईल असा कोण, सर्वांत टापटीप कोण, वर्गाचा विदूषक कोण. कॅलिफोर्नियातल्या रेडवुड हायस्कूलमध्ये १९६९ साली एका मुलाला वर्गानं सर्वांत विनोदी ठरवलं, आणि त्याच्याच नावापुढे यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत कमी, असाही शिक्का मारला! तो मुलगा म्हणजे नट रॉबिन विल्यम्स! १९९८ मध्ये त्यानं ऑस्कर उचललं! निम्मं भविष्य पक्कं खरं, निम्मं साफ चुकलेलं! आणि जुन्या पानांत मुलींच्या वाट्याला वरचेवर लग्न, टाइपरायटर आणि शिक्षिकेची खुर्ची येते, तेव्हा मन खट्टू होतं. पोरं भविष्य लिहीत होती, पण दौत त्यांच्या काळाची होती.

आणि मग मला मांझनार सापडलं, आणि इथं मात्र मी थांबले.

दुसरं महायुद्ध. १९४२ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक! कॅलिफोर्नियातल्या ओसाड ओवेन्स खोऱ्यात मांझनार ही त्यांतली एक छावणी. भोवती काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे, आतमध्ये १०,००० माणसं. आणि आतमध्ये हायस्कूल! आणि त्या हायस्कूलचं इयरबुक! १९४४ च्या पुस्तकाचं नाव ‘अवर वर्ल्ड’, आमचं जग! त्यात वर्गांचे फोटो, खेळ, नाटकं, मंडळं, सगळं कुठल्याही शाळेत असतं तसंच! तोयो मियाताके नावाचे छायाचित्रकारही त्या छावणीत कैद होते. कैद्यांना कॅमेरा ठेवायची बंदी, तर त्यांनी भिंग लपवून आत आणलं आणि सुताराकडून लाकडी खोकं करून घेऊन त्याचा कॅमेरा बनवला! पुढं त्यांना फोटो काढायची परवानगी मिळाली, आणि शाळेच्या पोरांचे फोटोही त्यांनी काढले.

त्यांचं एक छायाचित्र १९४५ च्या इयरबुकात आहे. एक हात. हातात तार कापायची पक्कड. पकडीच्या जबड्यात काटेरी तार, आणि मागं पहाऱ्याचा मनोरा. बस्स, एवढंच! त्याच वर्षी नोव्हेंबरात छावणी बंद झाली. बाकीच्या शाळांतली पोरं मंगळावर जाऊन खानावळी काढत होती आणि या पोरांच्या पुस्तकानं भविष्य म्हणून फक्त फाटकाबाहेरची जमीन मागितली. सांगा मला, याहून मोठी कल्पना कुठल्या वर्गानं केली असेल?

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही आहे की! आहेच! फिशपाँड आहेत! शेलापागोटे आहेत! गॅदरिंगला चिठ्ठ्यांचा डबा, निवेदक एकेक चिठ्ठी उघडतोय, सिनेमाच्या गाण्याची ओळ वाचून कुणाचं तरी नाव घेतोय आणि सगळा हॉल खदखदतोय! दहावीला स्लॅमबुक आहे, त्यात आवडता हिरो, आवडता रंग, मोठेपणी कोण होणार! निरोप समारंभात भाषणं आहेत, अल्पोपाहार आहे, मुलींचं मुसमुसणं आहे, आणि शेवटी शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट! मला हे सगळं प्रिय आहे. पण बघा ना, फिशपाँडची चिठ्ठी निनावी असते, वाचली की गेली. आणि तिथं नावं कुणाची येतात? ठरावीक दहा जणांची! वर्गातल्या उरलेल्या पन्नास जणांना कुणी टोमणासुद्धा मारत नाही. टोमणा न मिळणं हे टोमण्यापेक्षा जास्त लागतं, हे हॉलमध्ये मागं उभं राहिलेल्या कुठल्याही मुलाला विचारा!

आणि मृत्युपत्रातली आणखी एक खुबी! त्यात बहुतेक वेळा देणारा स्वतःचंच काहीतरी देतो. माझा आळस, माझं घाण अक्षर, माझी लेट मार्कांची रास! म्हणजे हसं आधी स्वतःचं होतं, दुसऱ्याचं नाव येतं ते वारस म्हणून! नववीतल्या पोराला दहावीतल्या दादानं आपल्या बाकाचा वारस नेमलंय, यात त्या पोराची कॉलर किती ताठ होईल! चिमटा तोच, पण त्यातून नातं जोडलं जातं!

म्हणून ऐका! तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, किंवा स्वतःच दहावीत असाल, तर तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे. जानेवारी-फेब्रुवारीत निरोप समारंभ होईल. समोशांची ऑर्डर द्यायच्या आधी हजेरीपट उघडा. वर्गातलीच चार पोरं बसवा. प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी लिहायच्या: हा मागं काय ठेवून जातोय, आणि २०५० साली कुठं काय करतोय. नियम एकच, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवायचं, आणि तो हसला तरच ठेवायचं. मग टाइप करा, झेरॉक्स काढा, स्टेपल करा, आणि सगळ्यांना एकेक प्रत द्या. झेरॉक्सला फार पैसे लागत नाहीत! आणि नंबर एकपासून शेवटच्या नंबरपर्यंत, गैरहजर राहणाऱ्यासकट, मध्येच शाळा सोडून गेलेल्यासकट, एकही नाव सोडू नका!