पुसण्यापूर्वी पुसणे

मराठीत 'पुसणे' हे क्रियापद दोन अर्थांनी येते. फळ्यावरची अक्षरे आपण पुसतो, आणि परगावी गेल्यावर वाटही पुसतो. मुळात ही दोन निराळी क्रियापदे आहेत. एक संस्कृतातील विचारणे ह्या अर्थाच्या 'प्रच्छ्' धातूवरून आलेले, तर दुसरे 'प्रोञ्छ्' म्हणजे निपटून काढणे ह्यावरून आलेले. आणि काळाच्या ओघात झिजता झिजता दोघांचे रूप एक झाले. आठवीच्या वर्गात मी हे गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. परंतु पुसण्यापूर्वी पुसले नाही म्हणजे काय होते, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, गेल्या दिवाळीच्या सुटीत, शाळेच्या संगणक-कक्षात एकटे बसून शिकावे लागले. तो प्रसंग मला भूषणावह नाही. तथापि विद्यार्थ्यांस चुका कबूल करावयास सांगणाऱ्याने स्वतःची चूक मात्र झाकून ठेवावी, हे बरे नव्हे; म्हणून तो येथे देतो.

आमच्या कक्षातील अठराही संगणक जुने आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीचे नियमित साहाय्य बंद झाले, आणि पुढील आवृत्ती ह्या यंत्रांवर चालण्यासारखी नव्हती. सबब सुटीत सर्व यंत्रांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालावी असे ठरले, व ते काम मी आपण होऊन अंगावर घेतले. त्यासाठी एक सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून त्यावर लिनक्सची प्रत उतरवावयाची होती. माझ्या लॅपटॉपला त्या वेळी दोन वस्तू जोडलेल्या होत्या: एक तो पेन ड्राइव्ह, आणि दुसरी शाळेची एक टेराबाइटची हार्ड डिस्क.

लिनक्समध्ये अशा जोडलेल्या वस्तूंना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे मिळतात. ही नावे वस्तूची नव्हेत. यंत्राला त्या ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाची आहेत. वर्गात येणाऱ्या मुलांना आल्या क्रमाने आकडे द्यावेत, त्यातलाच हा प्रकार. आज दुसरा आलेला गणपत उद्या तिसरा येऊ शकतो. सकाळी पेन ड्राइव्ह 'बी' होता. दुपारी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला तेव्हा हार्ड डिस्क 'बी' झाली व पेन ड्राइव्ह 'सी'. मी मात्र सकाळचेच अक्षर मनात धरून बसलो होतो.

येथे आज्ञावलीला दोष देता येत नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मी आज्ञा दिली तेव्हा तिने काम करण्याचे साफ नाकारले. ह्या वस्तूवर आधीच विभाग पाडलेले आहेत, म्हणून मी फॉरमॅट करीत नाही. तरीही करावयाचे असल्यास आज्ञेत मोठे 'आय' हे अक्षर घाला, अशा आशयाचे वाक्य पडद्यावर आले. पण पेन ड्राइव्हवरही विभाग असतातच. त्यामुळे हीच तक्रार मी आजवर वीस-पंचवीस वेळा ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी ते अक्षर घालून पुढे गेलो होतो. दारावरचा रखवालदार येणाऱ्या प्रत्येकालाच "थांबा" म्हणू लागला, की त्याच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. मी ते अक्षर घातले. मग सुमारे तीन जीबीची लिनक्सची प्रत तीवर उतरविली. आणि किती जागा उरली म्हणून सहज पाहिले, तो सोळा जीबीच्या पेन ड्राइव्हवर जवळजवळ एक टेराबाइट जागा मोकळी! क्षणभर मला नवलच वाटले. दुसऱ्या क्षणी हात गार पडले.

त्या डिस्कवर आमच्या वार्षिकाच्या जुन्या अंकांची छायाचित्रे होती, स्नेहसंमेलनांची चित्रे होती, आणि मोठ्या बाईंचा आवाज होता. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ह्या शिक्षिकेला गावातील दोन पिढ्या 'मोठ्या बाई' म्हणूनच ओळखत. २०१९ साली नववीच्या काही मुलींना घेऊन मी सात वेळा त्यांच्या घरी गेलो होतो आणि त्यांच्या आठवणी मुद्रित करून आणल्या होत्या. बाईंचे घराणे शरणपूरचे. ही वसाहत १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने वसविली; गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, आणि त्यांतील काही पुढे डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्या आफ्रिकेतील प्रवासात सामील झाली. ही माहिती पुस्तकांत आहे. पण बाईंच्या आजीच्या आजीने त्या मुलांना कोणत्या झाडाखाली खेळताना पाहिले, ती मराठी कशी बोलत, त्यांची कोणती गाणी वसाहतीतल्या बायका जात्यावर म्हणू लागल्या, हे पुस्तकांत नाही. ते बाईंच्या तोंडी होते. बाई २०२३ साली वारल्या. आणि त्या मुद्रणाची दुसरी प्रत मी काढून ठेवली नव्हती.

फॉरमॅट केल्याने डिस्कवरील सर्व काही तत्काळ नाहीसे होते असा पुष्कळांचा समज आहे. तो संपूर्ण खरा नाही. बहुधा नष्ट होते ती अनुक्रमणिका. ग्रंथालयातील सूची जाळली, तरी कपाटांतील पुस्तके कपाटांतच असतात. फक्त कोणते कोठे आहे ते सांगणारे कोणी उरत नाही, आणि ग्रंथपाल सर्व कपाटे रिकामी समजून नवी पुस्तके भरू लागतो. जुन्याच्या जागी नवे बसले की मात्र जुने गेले. ह्यावरून मला जोगलटेंभीची आठवण होते. नाशिकजवळच्या ह्या गावी १९०६ साली नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली, आणि रेव्हरंड एच. आर. स्कॉट ह्यांनी ती अभ्यासून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा पराभव झाला. त्याचे नाणे मात्र वितळविले नाही, त्यावरच आपले चिन्ह उमटविले. म्हणून आज अशा नाण्यावर नवा ठसा जेथे पुरता बसला नाही तेथे जुन्या राजाचे नाक, हनुवटी, ग्रीक लिपीतील एखादे अक्षर डोकावते. इतिहाससंशोधकांना त्याचा फार उपयोग झाला. माझ्या डिस्कवर ठसा पडला होता तो पहिल्या तीन जीबींवर. त्याखालचे गेले, त्यापलीकडचे शिल्लक असण्याची आशा होती.

मी डिस्क तत्काळ काढून घेतली. तीवर आणखी एक अक्षरही लिहावयाचे नाही, हा अशा वेळचा पहिला नियम. नंतर फोटोरेक नावाच्या विनामूल्य आज्ञावलीने चार दिवस रात्रंदिवस शोध चालविला. ही आज्ञावली अनुक्रमणिका पाहतच नाही. प्रत्येक जातीच्या फायलीच्या आरंभी जी ठराविक खूण असते ती डिस्कभर हुडकीत जाते. हाती आल्या त्या हजारो फायली बिननावाच्या, नुसते क्रमांक. एकेक उघडून पाहावी लागली. सात मुद्रणांपैकी चार सापडली. पहिली तीन, जी डिस्क विकत आणल्या दिवशीच तीवर घातली होती, ती गेली. आफ्रिकी मुलांच्या गाण्यांची बैठक दुसरी होती.

माझी पत्नी परिचारिका आहे. तिला सर्व हकीकत सांगितली, तेव्हा तिने हळहळण्यापूर्वी एक प्रश्न केला. "ते यंत्र विचारतं काय? 'पुसू का?' एवढंच?" मी म्हटले, जवळजवळ तेवढेच. ती म्हणाली, "आमच्याकडे शस्त्रक्रियेला नेताना 'तुम्ही सखारामच ना?' असं विचारायची बंदी आहे. अर्धवट गुंगीतला, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. आम्ही विचारतो, 'तुमचं नाव काय? कोणता पाय?' त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं." जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीची जी यादी प्रसिद्ध केली, तीतही रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा व शस्त्रक्रिया कोणती, ह्यांची खात्री भूल देण्यापूर्वीच करून घेण्यास सांगितले आहे. 'होय की नाही' ह्या प्रश्नाला हात उत्तर देतो. 'कोण' ह्या प्रश्नाला डोळ्याने उत्तर द्यावे लागते. मला एवढे साधे तत्त्व व्याकरण शिकविताना कधी सुचले नव्हते, आणि तिला ते रोजच्या पाळीतून ठाऊक होते!

संगणकाच्या कारागिरांना ते ठाऊक नव्हते असे नाही. डॉस प्रणालीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत फॉरमॅटची आज्ञा देताना डिस्कचे अक्षर सांगावयाचे राहिले, तर जी डिस्क चालू असेल तीच पुसली जाई. पुढे अक्षर सांगणे सक्तीचे झाले. १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत फॉरमॅट उलटविण्याची सोयही आली. आणि विंडोजमध्ये लिखित आज्ञेने हार्ड डिस्क फॉरमॅट करू लागल्यास, तिला नाव दिलेले असले तर ते टंकल्याशिवाय यंत्र आजही पुढे जात नाही. महाविद्यालयात असताना ह्या प्रश्नाचा मला फार कंटाळा येई. इतका शहाणा प्रश्न मी कटकट समजत होतो.

दिवाळीनंतर नववीतील दोन विद्यार्थ्यांस घेऊन मी आमच्या कक्षापुरती एक छोटी आज्ञावली बसविली. जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा बनविणारा कोण, तिची क्षमता किती, तीवर आज काय आहे, हे ती प्रथम दाखविते. चौसष्ट जीबीहून मोठी वस्तू असेल तर फॉरमॅटच करीत नाही. प्रत्येक पेन ड्राइव्हला आम्ही फुलाचे नाव दिले, मोगरा, तेरडा, शेवंती; आणि मोठ्या डिस्कांना नद्यांचे, दारणा, कादवा, गिरणा. पुसण्यापूर्वी ते नाव टंकावे लागते. माझी योजना येथे संपली होती. पण त्या दोघांपैकी धाकटा म्हणाला, "सर, नाव पडद्यावर दिसलं तर घाईतला माणूस तेच पाहून लिहील. पडद्यावर दाखवायचंच नाही." मग आम्ही प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी चिकटविली आणि पडद्यावरून नाव काढून टाकले. आता ते वाचण्यासाठी वस्तू हातात घेऊन उलटी करावी लागते. हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह ह्यांतला फरक हाताला लगेच कळतो. आठवड्याने थोरल्या विद्यार्थ्याने आमची आज्ञावली बाजूला सारून मूळ आज्ञा थेट कशी देता येते ते मला हसत हसत दाखविले. तेव्हा विद्यार्थ्यांच्या खात्यांवरून तो अधिकारच काढून घेतला. माझ्याही खात्यावरून काढला आहे. पहिल्या महिन्यात दोन वेळा ह्या आज्ञावलीने मला अडविले, आणि त्यांतील एका वेळी तिचेच खरे होते.

एवढे करूनही पहारा चुकतोच. २००६ साली अमेरिकेतील अलास्का राज्याच्या महसूल खात्यात एका कर्मचाऱ्याच्या हातून नागरिकांना वाटावयाच्या वार्षिक रकमेच्या नोंदींची डिस्क फॉरमॅट झाली, आणि पाठोपाठ तिची राखीव प्रतही त्याने फॉरमॅट केली. तिसरी प्रत चुंबकीय फितींवर होती. ती वाचता येईना. अखेर मूळ कागदांचे सुमारे तीनशे खोके उघडून, कित्येक लोकांनी संध्याकाळी व सुटीच्या दिवशी बसून, सर्व अर्ज पुन्हा यंत्रात घातले. खर्च दोन लाख डॉलरांहून अधिक आला. पण कागद जपून ठेवलेले होते, म्हणून खर्च करण्यासारखे काही उरले तरी.

आमच्या बाबतीत असे खोके म्हणजे माणसेच. २०१९ च्या त्या मुलींपैकी एक सध्या पुण्यास शिकते. तिला विचारता तिने दुसऱ्या बैठकीतील दोन गाण्यांच्या चाली मला दूरध्वनीवर गुणगुणून दाखविल्या. शब्द तिला अर्धेच आठवतात. ते मी लिहून घेतले आहेत, व ह्या वेळी तीन ठिकाणी ठेवले आहेत.

पालकांपैकी अथवा माजी विद्यार्थिनींपैकी कोणाजवळ मोठ्या बाईंचे बोलणे किंवा गाणे, मग ते लग्नाच्या चित्रफितीत मागून ऐकू येणारे का असेना, राहिले असल्यास त्यांनी ते शाळेच्या कार्यालयात कृपा करून आणून द्यावे. आम्ही प्रत काढून घेऊन मूळ वस्तू त्याच दिवशी परत करू. ती देताना तीवर आपले नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी.