फांदीवरून खाली

६ जुलै २०२४, शनिवार

पावसामुळे आज गोष्ट ऐकायला बारा-तेराच मुलं आली. मागच्या खोलीत सतरंजी घातली, गळतं तिथे बादली ठेवली आणि ‘कन्ना पन्ना’ काढलं. गोष्ट झई व्हिटेकर यांची, चित्रं निलुफर वाडिया यांची, पुस्तक चेन्नईच्या तूलिकाचं. कन्ना घरात फारसा बोलत नाही. नातेवाइकांबरोबर गुहेतलं देऊळ पाहायला जातो, आत दिवे जातात, मोठी माणसं गडबडतात आणि कन्ना सगळ्यांना बाहेर घेऊन येतो. त्याला दिसत नाही, हे ऐकणाऱ्याला कळतं ते इथे.

चौथीतली एक मुलगी चिडलीच. “ताई, आधी का नाही सांगितलं?” पुस्तक माझ्या हातातून घेऊन ती पहिल्या पानापासून एकेक चित्र निरखायला लागली. बाकीची तिच्या खांद्यावर वाकलेली. खूप वेळ कुणी जागेवर बसेना. आधीच सांगितलं असतं, तर पहिल्या पानापासून तो ‘बिचारा’ झाला असता.

९ जुलै, मंगळवार

कुणीतरी पुस्तकांचा खोका देऊन गेलं. त्यात पाय अधू असलेल्या एका मुलाची गोष्ट होती. प्रत्येक चित्रात मुलगा मान खाली घालून बसलेला. शेवटी चमत्काराने पाय बरा होतो आणि तो पहिल्यांदा हसतो.

आमच्याकडे दुसरीतला एक मुलगा येतो. त्याच्या डाव्या पायाला पट्टा असतो, आजी सोडायला येते. त्याचा पाय असाच राहणार आहे. त्याने या पुस्तकातून काय घ्यायचं? पाय सुधारेपर्यंत हसायचं नाही, हे? पुस्तक मी मांडणीवर लावलं नाही, कपाटात ठेवून कुलूप घातलं. पुस्तक लपवताना वाईट वाटतं, पण यावर माझं मत पक्कं आहे.

१३ जुलै, शनिवार

‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकातला झाडाचा प्रसंग वाचला. तोमोए शाळेत प्रत्येक मुलाचं आपलं असं एक झाड. यासुआकी-चानला पोलिओ झालेला, त्याला कुठलंच झाड नाही. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर बोलावते. घरच्यांना पत्ता नाही. शिडी लावते, ती पुरत नाही. मग घोडी ओढत आणते. तो एकेक पायरी चढतो, वर पोचल्यावरही फांदीपर्यंत अंतर उरतंच, तेव्हा ती त्याला ओढून घेते. दोघं घामाघूम. फांदीवर बसल्यावर तो तिला टेलिव्हिजन नावाच्या वस्तूबद्दल सांगतो, त्याची बहीण अमेरिकेत असते ना, तिच्याकडून कळलेलं.

मी तिथेच थांबले. पट्ट्याच्या पायाचा मुलगा भिंतीला टेकून ऐकत होता. सगळे उठायला लागल्यावर म्हणाला, “पण तो खाली कसा आला?”

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, माझ्याही मनात आलं नव्हतं. “तूच सांग की,” म्हटलं. तो काहीच बोलला नाही.

१४ जुलै, रविवार

दुपारभर पुन्हा ‘तोत्तोचान’. हातापायांची वाढ खुंटलेल्या ताकाहाशीने क्रीडादिनाच्या शर्यती जिंकाव्यात म्हणून मुख्याध्यापक कोबायाशी सरांनी त्या तशाच आखल्या होत्या. बक्षिसं काय, तर भाज्या! मुलांना आपल्या शरीराची लाज वाटू नये म्हणून तलावात कपड्यांशिवाय पोहायची मोकळीक. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ही शाळा जळाली.

चिहिरो इवासाकींची चित्रं मात्र या पुस्तकासाठी काढलेलीच नाहीत. पुस्तक १९८१ चं, त्या १९७४ साली गेल्या. लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांनी इवासाकींच्या आधीच्या चित्रांतून ती निवडली. जलरंग कागदावर ओघळून पसरलेला, कडा कुठे आहे, कुठे नाही, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. दया दाखवणारा एकही चेहरा सापडत नाही. पुढे यासुआकी-चान वारतो. ते प्रकरण वाचून दाखवायचं का, हे अजून ठरत नाही. गाळलं तर मुलांना फसवल्यासारखं होईल.

२० जुलै, शनिवार

आज चित्रं काढायला दिली. विषय दिला नाही. तपकिरी खडू सगळ्यांत आधी संपला, कारण तो दुसरीतला मुलगा झाडाचं खोड रंगवतच राहिला, कागदाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत. खोडाला घोडी टेकवलेली. घोडीवर एक मुलगा, पाठमोरा नाही, आपल्याकडे तोंड करून, एका पायरीवर टेकलेला. खालच्या पायरीवर एक वेणीवाली मुलगी, तिचे दोन्ही हात वर. मुलाच्या डाव्या पायावर काळा पट्टा, तीन आडव्या रेघांनी काढलेला, बकलासकट.

“हा बसलाय का?” मी विचारलं.

“उतरतोय. एक पायरी बसायचं, मग पुढची.”

आजी न्यायला आली तेव्हा तिला कागद दाखवला. तिने तो खिडकीजवळ उजेडात धरला आणि म्हणाली, “आमच्या जिन्यावरनं हा अस्साच उतरतो, ताई. मी खाली उभी असते.”

चित्र त्याला घरी न्यायचं होतं. पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं.